वेलदोड्याच्या डब्यातली अर्धी लेन्स

जुन्या फोटो-स्टुडिओतल्या लेन्सचे तीन नग होते. सदाशिव पेठेतला वाडा पुनर्विकासासाठी रिकामा करायचा ठरला, तेव्हा तळमजल्यावरचा, कित्येक वर्षं बंद असलेला दिवंगत काकांचा स्टुडिओही आवरावा लागला. स्टँड कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे लेन्स आणि मागची काच जोडणारी घडीची नळी, उंदरांनी कुरतडला होता, लाकडाला वाळवी लागली होती; ते सगळं भंगारात गेलं. लेन्स तेवढ्या काकूंच्या मुलाने चामडी पेटीसकट कोथरूडच्या फ्लॅटवर आणल्या. विकायला काढताना त्याने वहीच्या कागदावर भाव लिहिले होते. ‘पितळी पोर्ट्रेट लेन्स, एफ ४’ साठ हजार. ‘झाइस टेसार, शटर नाही’ आठ हजार. ‘जर्मन शटर, पुढची काच नाही’ एक हजार, आणि वरच्या दोन्ही एकदम घेतल्या तर हे फुकट.

घेणारी एक विद्यार्थिनी. चार बाय पाच इंचाच्या कॅमेऱ्यावर काम करते. सुट्या पानांची शीट फिल्म परवडत नाही म्हणून एक्स-रे फिल्म लाल दिव्यात कापून वापरते. तिच्याकडे पंधरा हजार होते, पण त्या पितळी लेन्ससाठी ती मैत्रिणींकडून उसने घ्यायच्या तयारीत होती. मी जुनी शटरं साफ करतो, म्हणून तिने मला सोबत यायला सांगितलं. मी एक अट घातली: जे दिसेल ते सगळ्यांसमोर बोलणार. घरातला जाणता माणूस गेल्यावर वस्तू विकायला निघते, तेव्हा विकणाऱ्याला तिच्याबद्दल काही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्याला ठाऊक असतं. अशा वेळी गप्प राहून सौदा करणं मला चोरीसारखं वाटतं.

आधी पितळी लेन्स, कारण सगळ्यांचा जीव तिच्यात अडकला होता. दिसायला सुंदर, वजनदार, बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मुलाने ती आधी बुधवारी जुन्या बाजारात दाखवली होती, तिथे एकाने पितळेच्या वजनावर भाव सांगितला. त्याला ते लागलं होतं आणि ते बरोबरच होतं. मग त्याने फोनवर शोधाशोध केली. लेन्सच्या कड्यावर पहिलाच आकडा ४. म्हणजे एफ ४. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं फोकसचं अंतर भागिले भोकाची रुंदी; आकडा लहान तितकं भोक मोठं. म्हणजे एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यासाठी फार मोठं भोक. म्हणजे ही पेट्झव्हालसारखी जुनी पोर्ट्रेट लेन्स, आणि तशा लेन्सला परदेशात भरपूर पैसे मिळतात. त्याचा विचार पायरीपायरीने बरोबर होता, फक्त पहिली पायरी चुकली होती.

कड्यावरचे सगळे आकडे वाचले तर ४, ८, १६, ३२, ६४, १२८. आपल्या ओळखीच्या मालिकेत ४ नंतर ५.६ येतो आणि ८ नंतर ११. इथे दर आकडा मागच्याच्या दुप्पट. ही १८८० च्या दशकात ब्रिटनमध्ये ठरवलेली ‘युनिफॉर्म सिस्टिम’. तिच्यात आकडा दुप्पट झाला की एक्स्पोजरचा वेळ दुप्पट करायचा, इतका साधा हिशोब. तिची आणि एफ-मालिकेची गाठ फक्त १६ वर पडते. तिथून उलटं मोजत आलं की तिचा ८ म्हणजे एफ ११ आणि तिचा ४ म्हणजे एफ ८.

पण हे सांगून कुणाला पटणार? मापच घेतलं. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी पांढऱ्या कागदावर पाडली आणि कागदापासून, भोक लहान-मोठं करणाऱ्या पात्यांच्या जागेपर्यंत पट्टी लावली: २१ सेंटिमीटर. मग पाती पूर्ण उघडून, लेन्स हातभर लांब धरून, समोरून दिसणारं भोक मोजलं: २६ मिलिमीटर. २१० ला २६ ने भागलं की आठ येतात. मुलाने पट्टी माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा मोजलं. मला ते आवडलं.

पेट्झव्हाल आहे की नाही, हे टॉर्चने कळतं. मोबाइलचा दिवा तिरपा धरून काचेत दिसणारी प्रतिबिंबं मोजायची. काच आणि हवा जिथे भेटतात तिथलं प्रतिबिंब ठळक दिसतं, चिकटवलेल्या सांध्याचं पुसट. १८४० च्या पेट्झव्हाल रचनेत मागची दोन भिंगं मध्ये हवा सोडून बसवलेली असतात, म्हणून मागच्या बाजूने चार ठळक ठिपके दिसायला हवेत. इथे मागे दोन ठळक आणि एक पुसट, पुढेही अगदी तेच. म्हणजे एकसारखे दोन चिकटवलेले जोड समोरासमोर: रॅपिड रेक्टिलिनिअर. डॅलमेयर आणि स्टाइनहाइल यांनी ही रचना १८६६ मध्ये जवळपास एकाच वेळी काढली, आणि पुढे कित्येक दशकं ती साध्यासुध्या कॅमेऱ्यांवरही बसत राहिली. चांगली लेन्स आहे, मी अशीच एक वापरतो. पण दुर्मीळ नाही. त्यात ती बोर्डावर, म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढच्या फळीवर, बसवायचं पितळी कडं हरवलेलं. तसं कडं भोसरीतल्या लेथवाल्याकडून करून घेता येतं. जुने आटे मोजून कापायचे म्हणजे हजार-बाराशे रुपये. मी भाव सांगितला साडेचार हजार. खोलीत कुणी काही बोललं नाही.

टेसारला फार वेळ लागला नाही. जर्मनीतल्या झाइस येनाची २१० मिलिमीटर, एफ ४.५, पात्यांसकट पण शटरविना. टेसार म्हणजे चार भिंगांची रचना: पुढे दोन सुटी, मागे दोन चिकटवलेली. टॉर्च लावला तर पुढे चार ठळक ठिपके, मागे दोन ठळक नि एक पुसट, म्हणजे टेसारच. मागच्या चिकटवलेल्या जोडाच्या कडेला मात्र इंद्रधनुष्यासारखी चंद्रकोर होती. आतला कॅनडा बाल्सम, म्हणजे भिंगं चिकटवणारा डिंक, तिथे सुटला आहे. कडेपुरतं असल्याने एफ १६ ला त्याचा फारसा उपद्रव नाही, पण हा सांधा आपोआप जुळत नाही, सुटलाच तर वाढतो. पाच हजार.

मग तो तिसरा नग.

शटरवर सिंक्रो-कॉम्पर लिहिलेलं. पुढे नुसते आटे, आत पाती उघडी, त्यांच्यावर धूळ. मागे काच होती आणि तिच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे. लेन्सचं नाव आणि क्रमांक पुढच्या कड्यावर कोरलेले असतात. भिंगांचा पुढचा गट नसला की लेन्स निनावी होते. म्हणूनच मुलाने हिला शटर म्हटलं, लेन्स म्हटलंच नाही.

मी ती खिडकीशी नेली आणि छिद्राच्या पट्टीवर दोन ओळी दिसल्या. पांढरी ५.६ पासून सुरू होणारी. तिच्याखाली हिरवी, १२ पासून सुरू होणारी. आणि हिरव्या १६ शेजारी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका.

हिरवी ओळ म्हणजे श्नायडर या जर्मन कंपनीची जुनी, दुहेरी सिमार लेन्स. दोन्ही गट लावले तर १५० मिलिमीटर, एफ ५.६. पुढचा गट आटे फिरवून काढून टाकला आणि नुसत्या मागच्या गटाने फोटो काढला तर २६५ मिलिमीटर, एफ १२. हिरवे आकडे त्या दुसऱ्या अवस्थेसाठी. त्या स्टुडिओतला कॅमेरा हाफ प्लेटचा होता, पावणेपाच बाय साडेसहा इंच. कर्ण साधारण २०४ मिलिमीटर. त्या कर्णाहून लहान, १५० ची लेन्स म्हणजे रुंद नजर: लग्नाचा किंवा शाळेचा ग्रुप लहान खोलीत मावतो, पण एकट्या माणसाचा चेहरा टिपायला कॅमेरा त्याच्या नाकाशी न्यावा लागतो. २६५ ने तोच चेहरा दुरून, शांतपणे मिळतो. शिवाय सिमारचं प्रतिमावर्तुळ, म्हणजे ती पाडते ते गोल चित्र, एफ २२ ला सुमारे २१० मिलिमीटर, म्हणजे हाफ प्लेट काठोकाठ झाकली जाते, लेन्स वर सरकवायला जागा उरत नाही. या माणसाने एकाच लेन्समधून दोन लेन्सचं काम काढलं होतं, आणि नेलपॉलिशचा ठिपका सांगत होता की रोजचं काम हिरव्या ओळीवर चालायचं.

म्हणजे पुढची काच हरवलेली नव्हती, काढून ठेवलेली होती. आणि जो माणूस आकड्याशेजारी खूण करतो, तो काच अशीतशी टाकणार नाही.

काकू तोवर आतल्या खोलीच्या दारात बसून ऐकत होत्या. मी विचारलं, “काकू, या शटरच्या पुढची गोल काच काकांनी कुठे वेगळी ठेवल्याचं आठवतं का?”

“ती होय? ती वेलदोड्याच्या डब्यात आहे की!” त्या उठल्या. “ग्रुप असला की ती लावायची, एकट्यादुकट्याचा असला की काढायची. काढली की खिशात टाकायचे आणि खिशात चरे पडतात म्हणून मीच डबा दिला. तुम्ही शटर-शटर म्हणत होतात, मला वाटलं कसलं वेगळंच काही आहे.”

स्वयंपाकघराच्या वरच्या कप्प्यातून त्यांनी झाकण घट्ट बसणारा छोटा स्टीलचा डबा काढून आणला. आत मलमलचं फडकं, फडक्यात पुढचा गट. कड्यावर श्नायडर-क्रॉइत्स्नाख, सिमार, ५.६/१५०, १२/२६५, क्रमांक ऐंशी लाखांच्या थोडा पुढचा, म्हणजे साधारण १९६३ च्या सुमाराचा. काच निर्मळ. आतल्या काळ्या कडेला बारीक पांढरे ठिपके होते, ते पाहून घ्यायला आलेली मुलगी दचकली; पण ती बुरशी नव्हे. श्नायडरच्या पुष्कळ लेन्समध्ये भिंगाच्या कडेचा काळा रंग आतून सुटतो, त्याचे ते ठिपके. चित्रात ते येत नाहीत. फडकं झटकताना आणखी एक वस्तू खाली पडली: कागदासारखी पातळ पितळी चकती. मुलाला ती कचरा वाटली. दोन गटांमधलं अंतर नेमकं ठेवण्यासाठी कारखान्यातच घातलेली ती चकती होती. ती नसती तर लेन्स दिसली असती पूर्ण आणि कडांना दिसलं असतं मऊ, आणि आम्ही दोष बुरशीला दिला असता.

आता प्रश्न जोडीचा. पुढची काच लख्ख, मागची बुरशीची. बाजारात अशी लेन्स माझ्यासमोर आली असती तर दोन वेगवेगळ्या लेन्सचे अर्धे एकत्र केलेत, असाच संशय घेतला असता. काकूंच्या सांगण्याने फरकाचं कारण कळलं: एक अर्धा कोरड्या डब्यात राहिला, दुसरा चामडी पेटीत. पुण्याच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि बंद अंधारात बुरशीला आणखी काय हवं असतं? तरीही आठवण आणि माप या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलीने कॅमेरा आणला होता. शटर तिच्या बोर्डावर काळ्या चिकटपट्टीने बसवलं आणि पुन्हा तीच पाण्याची टाकी कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर आणली. दोन्ही गटांनी टाकीची रुंदी १८ मिलिमीटर. पुढचा काढला, भाता मागे ओढत नेला, पुन्हा फोकस केलं: ३२. गुणोत्तर १.७८. कोरलेल्या आकड्यांचं, २६५ भागिले १५०, येतं १.७७. शिवाय टॉर्चखाली दोन्ही गटांत चार ठळक आणि एक पुसट. एफ २२ ला काचेचे चारही कोपरे भिंगाखाली पाहिले. चारही सारखेच स्वच्छ. माझं समाधान झालं.

शटरचं मात्र झालं नाही. फोनवर सेकंदाला २४० फ्रेम्सचा व्हिडिओ लावून प्रत्येक वेग तीनदा टिपला आणि शटरची पाती उघडी असलेल्या फ्रेम्स मोजल्या. एक सेकंदाला २४० हव्यात, आल्या ४१०. पंधराव्या भागाला १६ हव्यात, आल्या २७. साठाव्याला ४ च्या जागी ५. सावकाश वेगांची दातेरी चाकं सुकलेल्या तेलात रुतली होती. हे जुन्या कॉम्परचं नेहमीचं दुखणं, साफसफाईने बरं होणारं. सेल्फ-टायमरला, म्हणजे व्ही अक्षराकडे जाणाऱ्या खिट्टीला, मी हात लावू दिला नाही. सुकलेल्या शटरमध्ये ती वापरली की सगळंच अडकून बसायची भीती असते. सर्वांत वरचा वेगही लावायचा तर शटर ताणण्याआधी, नंतर नाही, हे मुलीला दाखवून ठेवलं.

इथे एक अडचण माझी स्वतःची होती. शटर साफ करायचे पैसे भावातून वजा होणार आणि ते काम माझ्याकडेच येणार. म्हणून मी तिथूनच मुंबईतल्या दुसऱ्या एका कारागिराला फोन लावून सगळ्यांसमोर दर विचारला. तो साडेतीन हजार म्हणाला, माझा तीन हजार. तीन धरले.

मुलाने फोन पुढे केला. हीच लेन्स कुणीतरी पंचेचाळीस हजारांना विकायला लावली होती. ही गोष्ट दर वेळी येते आणि दर वेळी शांतपणे सांगावी लागते: तो मागितलेला भाव आहे. अशी जाहिरात वर्षभर तशीच पडून राहते. आपल्याला हवा गेलेला भाव, म्हणजे त्या नगाला कुणीतरी खरंच मोजलेले पैसे. विकल्या गेलेल्या नगांची यादी त्याच संकेतस्थळावर वेगळी निघते. ती काढून पाहिली, टपाल आणि कस्टम धरलं, तेव्हा चालू शटरसकट चांगली दुहेरी सिमार पुण्यात हातात पडायला सोळा हजारांच्या आसपास लागतील असं दिसलं. त्यातून शटरचे तीन हजार गेले. मागच्या काचेच्या बुरशीसाठी दीड हजार, कारण धागे पुसले तरी त्यांनी लेपावर उमटवलेले डाग राहणार होते. उरले साडेअकरा हजार. लेन्सच्या बाजूने एक गोष्ट होती, ती मी मुद्दाम बोललो: दोन्ही ओळींची पट्टी मूळची आहे. दुसऱ्या शटरमध्ये बसवलेल्या लेन्सचे छिद्राचे आकडे बरेचदा खोटे निघतात. इथे ते खरे.

आणि पुढचा गट मिळाला नसता तर? मुलाने स्वतःच विचारलं. चार हजार, त्यातही बहुतेक शटरचे. म्हणजे त्या डब्याची किंमत साडेसात हजार. त्याने वहीच्या कागदाकडे पाहिलं, जिथे त्याने एक हजार लिहिले होते, आणि मग आईकडे. थोड्या वेळाने म्हणाला, “बारा करा.” मुलीने बारा दिले. मी मध्ये पडलो नाही. पाचशे रुपयांसाठी भांडण्यासारखं माप माझ्याकडे नव्हतं. बुरशीचे दीड हजार मी अंदाजानेच धरले होते, आणि आज विचारलंत तर हजारच धरेन.

पितळी लेन्स त्याने साडेचार हजारांना दिली नाही. तिला चाळीस हजार मागून पाहीन म्हणाला. मागू द्यावं. एका दुपारी साठ हजारांवरून साडेचारवर यायचं म्हणजे सोपं नसतं, आणि मी तिऱ्हाईत माणूस. टेसारही त्यांच्याकडेच राहिली. तिला चामडी पेटीतून काढून उजेडात, हवेशीर कपाटात ठेवायला सांगून आलो.

जिना उतरताना मुलीने विचारलं, “सर, आपण आधी बाकीच्या दोन्ही घेऊन शटर फुकट घेतलं असतं, आणि हिरव्या आकड्यांचं बोललोच नसतो, तर?”

“तर तुला अर्धी लेन्स मिळाली असती. डबा काकूंच्या घरातच राहिला असता. विचारल्याशिवाय त्या कशाला काढणार होत्या?”

यावर ती खालच्या मजल्यापर्यंत काही बोलली नाही.

बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समभाग मिसळून काढली. टॉर्चखाली कडेला तीन-चार फिकट डाग अजून दिसतात. दुधी काचेवर काहीच दिसत नाही. नुसत्या मागच्या गटाने काम करताना तिला दोन गोष्टी पाळाव्या लागतात. छिद्र लहान केलं की फोकसची जागा सरकते, म्हणून ज्या छिद्रावर फोटो काढायचा त्याच छिद्रावर, काळ्या कापडाखाली डोळे ताणून, फोकस करायचा. आणि रंगांचा फोकस एका जागी येत नाही. डोळा पिवळ्या-हिरव्यावर फोकस करतो, तर तिची एक्स-रे फिल्म निळ्या-हिरव्यालाच जागते. पिवळा फिल्टर लावला की निळा अडतो आणि दोघांचं बऱ्यापैकी जुळतं, पण एक्स्पोजर वाढतं. तिने पहिले चार चेहरे फिल्टरशिवाय काढले. चारही डोळ्यांत मऊ आले. पाचवा फिल्टर लावून काढला, तो मी अजून जवळ ठेवला आहे.

शटर साफ केल्यावर एक सेकंद २५२ फ्रेम्सवर आलं, पंधरावा भाग १७ वर. साठाव्याच्या वरचे वेग माझ्या फोनने नीट मोजता येत नाहीत. तिने मोजलेले आकडे पेन्सिलीने कागदावर लिहून तो कागद लेन्सबोर्डाच्या मागे चिकटवला आहे; न मोजलेल्या वेगांपुढे रेघ ओढली आहे. डबा काकूंनी ठेवून घेतला. पुढच्या गटासाठी तिने तुळशीबागेतून तसाच एक आणला आणि ती पितळी चकती आता त्यात वेगळ्या फडक्यात असते.